आकडा

टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन. वस्ती दोन हजार तीनशे,
मीटर एक हजार चारशे बारा.
खांब गावाचे, तारा गावाच्या,
धरणाच्या भिंतीशी गंजत बसलेला डायनॅमो,
तोही गावाचाच.
मी इथल्या वीजखात्यात हिशेब लिहिते.
माझं आडनाव कुणाला धड म्हणता येत नाही,
पण प्रत्येक बिलाखाली तेच असतं.

आमच्याकडे आकडा म्हणजे संख्या,
आणि आकडा म्हणजे तारेवर टाकलेला चोरटा हूकही.
जामखेडला वायरमनची सायकल दिसली
की गल्लीभर आकडे सटासट खाली यायचे.
हे मी लाइनमन ऑर्विन ट्वाइटला सांगितलं.
तो हसला नाही.
म्हणाला, दोन्हींत हात भाजतो.

त्या शरदात आयोगाचा माणूस आला मॅडिसनहून.
आम्हाला युनिटमागे दीड सेंट वाढवून हवा होता,
आणि तो द्यायचा की नाही, हे राज्य ठरवतं.
तीन दिवस त्याने माझ्या वह्या चाळल्या,
स्वतःच्या थर्मासमधली कॉफी प्यायला, आमची नाही.
मग एका ओळीवर बोट ठेवलं:
हे चौऱ्याऐंशी हजार?

पोहण्याच्या तलावाची गळती, मंडळाचे अध्यक्ष लुंडीन म्हणाले.
पोरं आमची, तलाव आमचा,
विजेचा पैसाही आमचाच.
तुम्ही कोण विचारणारे?

आपलं म्हटलं की कुणी मोजत नाही,
तो म्हणाला, म्हणून मला पाठवतात.

सुनावणी अग्निशमन केंद्रात झाली,
बंब बाहेर काढून, घडीच्या खुर्च्या मांडून.
डॅग्नी हाउगे आल्या, वय एक्क्याऐंशी,
बुटांच्या खोक्यात एकोणसत्तर सालापासूनची बिलं,
प्रत्येकावर पेन्सिलीने एकच शब्द: वेळेत.
शेवटच्या काही बिलांवर पेन्सिल नव्हती.
त्यांनी विचारलं,
गाव मालक, म्हणजे मीही मालकीण ना?
मग माझी थकबाकी माझ्याकडेच कशी?
लोक हसले.
त्या माणसाने प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला
आणि पुढचं नाव पुकारलं.

सेंटभर वाढ मिळाली. तलावाचे पैसे परत करा, असा हुकूमही.

हिवाळ्यात राज्याचा एक नियम आमच्यावर असतो:
पहिल्या नोव्हेंबरपासून पंधरा एप्रिलपर्यंत
थंडीत कुणाच्या घराची वीज तोडायची नाही.
लुंडीन दर सोमवारी थकबाकी विचारत,
मी दर सोमवारी म्हणे, नियम आहे.
इतक्या आनंदाने मी कुठलाच शब्द उच्चारला नव्हता.
बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं,
आणि मी त्या परक्या कागदाच्या आडोशाला
उबेत बसून राहिले.

मग सोळा एप्रिल उजाडला.
नियम संपला, उरलो आम्ही.
आपलेच.

यादीत सत्तावीस नावं. मी सगळ्यांना ओळखते.
एकाची मुलगी माझ्या मुलीसोबत क्लॅरिनेट वाजवते.
यादी मी छापली, सही केली,
ऑर्विनने घडी घालून खिशात टाकली.

संध्याकाळी परत आली.
सव्वीस नावांपुढे बरोबरची खूण.
एकोणिसाव्यापुढे, हाउगे,
त्याच्या त्या ठोकळेबाज अक्षरात:
अंगणात कुत्रा. मीटरपर्यंत जाता आलं नाही.

डॅग्नीबाईंनी जन्मात कुत्रा पाळलेला नाही.
मला हे ठाऊक, ऑर्विनला ठाऊक,
बहुधा लुंडीननाही ठाऊक.
बाकी सव्वीस घरांत त्या रात्री
कुणाचंच कुत्रं भुंकलं नाही.

मी वही उघडली
आणि आकडा टाकला.

पुढच्या शरदात तोच माणूस, तोच थर्मास.
बोट त्या ओळीवर थांबलं.
केवढा आहे हा कुत्रा?
मी म्हटलं, तेव्हा चारशे सहा डॉलरचा होता.
आता थोडा वाढलाय.

त्याने पेनाला टोपण लावलं.
मग पुन्हा काढलं.